नावाचे एंजल

"तुमच्याकडे मासे आहेत? खायचे की बघायचे?" हा प्रश्न मला फर्स्ट इयरला किमान वीस जणांनी विचारला असेल. उत्तर आहे, बघायचे. पण खरं सांगायचं तर त्यातले काही आम्ही फार दिवस बघू शकलो नाही, आणि त्यात चूक माझीच होती. म्हणून हा लेख. शिवाय आपल्या गर्ल्स हॉस्टेलच्या मेसमध्ये गेल्या वर्षीपासून जो टँक आहे, त्याबद्दल रोज जेवताना कोणी ना कोणी काहीतरी विचारतंच. "तो मोठा त्या छोट्याला का मारतो गं?" या एकाच प्रश्नाचं उत्तर वर्षभर वेगवेगळ्या टेबलांवर देऊन मी थकले आहे. आता सगळ्यांना एकदाच लिहून देते.

(आधीच सांगते, माझं शिक्षण पाचगणीला कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी पेपरला मला नेहमी काठावर मार्क पडायचे. शुद्धलेखन संपादकांच्या हवाली.)

आमचं घर भोरला. दहावीची परीक्षा संपल्यावर बाबांनी विचारलं, काय हवं? मी फिश टँक मागितला. पुण्याहून दोन फुटी टँक आणला. २४ इंच लांब, १२ रुंद, १२ उंच. गुणाकार केला तर साधारण ५६ लिटर होतात, आणि वरची जागा व खडी वजा केली तर पाणी ४५ लिटरसुद्धा राहत नाही. तेव्हा मी हा गुणाकार केला नव्हता. दुकानदाराने चार एंजल दिले, प्रत्येकी पाच रुपयाच्या नाण्याएवढे. म्हणाला, "एकदम शांत मासा आहे ताई, नावच एंजल." मी विश्वास ठेवला.

आम्ही भोर-वेल्ह्याची माणसं, म्हणून माशांना नावं दिली किल्ल्यांची. दोन भोरचे: रोहिडा आणि रायरेश्वर. दोन वेल्ह्याचे: राजगड आणि तोरणा. (वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायचं सरकारने २०२४ मध्ये ठरवलं, त्यामुळे आमचा मासा तालुक्याच्या आधी बारशाला बसला होता असं मी सगळ्यांना सांगते.) तोरणा सगळ्यात मोठा. खऱ्या तोरण्यालाही प्रचंडगड म्हणतातच.

चार-पाच महिने सगळं छान होतं. मग एका सकाळी बघितलं तर तोरणा आणि राजगड टँकच्या उजव्या अर्ध्या भागात उभे, आणि बाकी दोघं डाव्या कोपऱ्यात अगदी वर, फिल्टरच्या पाइपमागे, नाक पाण्याच्या पृष्ठभागाला लावून. खाली आले की तोरणा बाणासारखा यायचा. मला वाटलं भूक लागली असेल, म्हणून खाणं वाढवलं. तीन दिवसांनी रोहिडाचे पर फाटलेले दिसले. आठव्या दिवशी तो मेला. रायरेश्वरला आम्ही बादलीत काढला, बादलीत हीटर नव्हता, डिसेंबर होता. पुढचं सांगत नाही.

आजी तेव्हा घरी होती. ती म्हणाली, "अगं, चिलापीची जात दिसतेय ही. चिलापीचा नर असाच खड्डा करून बसतो, कुणाला फिरकू देत नाही." मी हसले. नंतर पुस्तकात वाचलं तर आजीचं शंभर टक्के बरोबर. एंजल आणि चिलापी, म्हणजे तिलापिया, दोन्ही सिक्लिड या एकाच कुळातले. चिलापी आफ्रिकेची, भारतात १९५२ मध्ये आणली गेली. एंजल दक्षिण अमेरिकेतल्या अ‍ॅमेझॉन खोऱ्यातला. गोव्यात खातात ती काळुंदर, केरळची करीमीन, तीसुद्धा याच कुळातली, आणि ती मात्र अस्सल आपल्याकडची. या कुळाची ओळखच अशी की हे मासे जागा धरतात, जोडी करतात, अंडी-पिल्लं राखतात आणि त्यासाठी भांडतात. बाकीचे बरेच मासे अंडी टाकून निघून जातात, त्यांना भांडायला कारणच नसतं. म्हणजे ज्या गुणामुळे एंजल आपल्याला हुशार वाटतो, समोर गेलं की ओळखून पुढे येतो, त्याच गुणाची ही दुसरी बाजू आहे. दुकानदार खोटं बोलत होता असं मी म्हणणार नाही. नाण्याएवढा एंजल खरंच शांत असतो. तो मोठा होतो हे सांगायचं राहिलं, एवढंच.

आता थोडं मूळ गावाबद्दल. हा मासा, शास्त्रीय नाव टेरोफायलम स्केलारे, युरोपातल्या शास्त्रज्ञांनी १८२३ मध्ये नोंदवला आणि १८४० मध्ये हेकेल याने त्याला आजचं वंशनाम दिलं. ग्रीकमध्ये अर्थ पंख आणि पान. पानासारखा चपटा का? कारण तो जिथे राहतो तिथे पाणी संथ, आणि पाण्यात उभी देठं, मुळं, बुडालेली झाडं असतात. अशा दाटीतून सरकायला चपटं शरीर बरं, आणि अंगावरचे उभे काळे पट्टे त्या देठांमध्ये मिसळून जातात. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण शांततेचं अर्धं रहस्य या एका गोष्टीत आहे. नदीत हरलेला मासा दोन देठांच्या मागे गेला की मारणाऱ्याला दिसत नाही. दिसला नाही की भांडण संपलं. आपण काय करतो? काचेच्या रिकाम्या खोक्यात तळाला रंगीत खडी, मध्ये एक प्लॅस्टिकचा पाणबुड्या बुडबुडे सोडणारा, आणि चार एंजल. हरलेल्याला जायला जागा नाही, जिंकलेल्याला तो चोवीस तास समोर दिसतो. जिंकणारा तरी काय करणार?

मेसच्या टँकची गोष्ट आता. सेकंड इयरला रेक्टर मॅडमनी विचारलं की कॉमन जागेत काहीतरी छान ठेवायचं आहे, झाडं की मासे? मी हात वर केला, आणि मग रात्री झोप आली नाही. घरी दोन मासे मारलेली मुलगी मी. या वेळी आकडेमोड आधी केली.

टँक ३६ इंच लांब, १५ रुंद, २० उंच. अठरा इंच पाणी भरलं की साधारण १६० लिटर. एंजलसाठी लांबीइतकीच उंची महत्त्वाची, कारण पूर्ण वाढलेला मासा लांबीला १५ सेंटीमीटरपर्यंत जातो आणि वरच्या-खालच्या परांसकट उंची त्याहून जास्त भरते. बारा इंची टँकमध्ये त्याचे पर वाकतात. सिव्हिलवाल्यांसाठी: काच, खडी, पाणी धरून २०० किलोच्या वर वजन जातं, तेव्हा ते मेसच्या लाकडी टेबलावर ठेवायचा जो प्रस्ताव आला होता तो मी हाणून पाडला. आणि मेकॅनिकलवाल्यांसाठी: काचेवरचा दाब पाण्याच्या उंचीवर ठरतो, टँक किती लांब आहे यावर नाही, म्हणून उंच टँकला जाड काच लागते. सेकंड इयरच्या फ्लुइड मेकॅनिक्समध्ये मला जे एक समीकरण आयुष्यात उपयोगी पडलं ते हे.

किती मासे घ्यायचे, हा सगळ्यात मोठा प्रश्न. साधा तर्क म्हणतो, भांडतात ना, मग कमी ठेवा. इथेच सगळे फसतात. तीन एंजल ठेवले तर दोघांची जोडी जमते आणि तिसरा एकटा मार खातो. चार ठेवले तर काय होतं ते वर सांगितलंच. समजा गटातला दादा तासाला तीस वेळा कुणाच्या तरी अंगावर जातो. समोर एकच असेल तर तीसच्या तीस त्याच्या वाट्याला. पाच जण असतील तर प्रत्येकी सरासरी सहा. सहा वेळा पळणं माशाला झेपतं, तीस वेळा नाही. लोड वाटून देणं, बस. शिवाय गटात मध्यम ताकदीचे मासे आपापसात भांडून क्रम लावतात आणि दादाचं लक्ष एकावर टिकत नाही. म्हणून एक तर जमलेली एकच जोडी ठेवा, नाही तर एकदम सहा. मधला आकडा नको. अर्थात सहा ठेवायला जागा हवी. माझ्या घरच्या ४५ लिटरमध्ये सहा टाकले असते तर सगळेच गेले असते.

लहान असताना त्यांना गट मनापासून आवडतो, हे नुसतं माझं निरीक्षण नाही. गोमेझ-लाप्लाझा आणि गेर्लाई या दोन संशोधकांनी २०११ मध्ये एंजलना मोजता येतं का यावर निबंध प्रसिद्ध केला. माशाला एका बाजूला मोठा गट आणि दुसऱ्या बाजूला लहान गट दाखवला, तर तो मोठ्या गटाकडे जातो. मोठ्या संख्यांमध्ये मात्र एक गट दुसऱ्याच्या साधारण दुप्पट असावा लागतो, तेव्हाच त्याला फरक कळतो. मला हे वाचून बरं वाटलं, कारण एम-थ्रीच्या पेपरात माझीही तीच गत होती.

तर आम्ही सहा घेतले, सगळे एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच आकाराचे. हे फार महत्त्वाचं. एकत्र वाढलेल्या माशांचा क्रम लहानपणीच लागतो, तेव्हा तोंडं एवढीशी असतात आणि कुणाला फार लागत नाही. नंतर एखादा नवीन आणून टाकला की तो परका. आमच्याकडे एकीने प्रेमाने वाढदिवसाला एक मोठा काळा एंजल आणला होता. मी तिच्याशी भांडून तो परत करायला लावला, ती महिनाभर माझ्याशी बोलली नाही. पण अगदी नाइलाजाने नवीन मासा टाकायचाच असेल, तर आधी टँकमधले दगड, लाकूड, झाडं सगळी हलवून नव्याने मांडायची. जुन्या माशांच्या हद्दीच्या खुणाच गेल्या की सगळेच त्या दिवशी नवीन होतात. दिवे बंद करून संध्याकाळी सोडायचा, आणि जमलं तर एकाऐवजी दोन-तीन एकदम.

ही गोष्ट आजीला सांगितली तर ती गंभीर झाली. तिचं माहेर पानशेतच्या पाण्याखाली गेलं. तिचे भाऊ दुसऱ्या तालुक्यात जाऊन वसले. ती म्हणाली, "पहिली दोन वर्षं नुसती बांधावरनं भांडणं. जुन्या गावात कुणाचा बांध कुठं ते पोरांनाबी ठावं होतं. तिथं कुणालाच काय ठावं नव्हतं." मी माशांचं बोलत होते, ती माणसांचं. मग आम्ही दोघी थोडा वेळ गप्प बसलो.

आता मांडणी. आम्ही टँकमध्ये उभ्या गोष्टी भरल्या. एक वाळलेलं मुळकांड, चार-पाच उंच वॅलिस्नेरियाची झुडपं, रुंद पानांचा अ‍ॅमेझॉन स्वोर्ड, आणि दगड. दगड नीरेच्या पात्रातले, आपले काळे बेसॉल्ट. दगडाबाबत इथल्या लोकांसाठी एक सूचना. काळा बेसॉल्ट पाण्यात विरघळत नाही, तो चालतो. पण आपल्याकडच्या बेसॉल्टमध्ये कधी कधी पांढरे डाग किंवा पांढऱ्या गाठी असतात. त्यात कॅल्साइट असेल तर पाणी हळूहळू जड होतं. पांढऱ्या भागावर व्हिनेगरचे किंवा केमिस्ट्री लॅबमधल्या सौम्य अ‍ॅसिडचे दोन थेंब टाका. फसफसलं तर तो दगड बागेत ठेवा. दगड उकळत बसू नका, आत पाणी मुरलेला दगड तापवल्यावर फुटू शकतो. ब्रशने घासून वरून गरम पाणी ओतलं की पुरे. साबण मात्र नको.

मांडणी झाली की एक साधी परीक्षा करा: टँकच्या एका टोकाला डोळा लावून दुसऱ्या टोकाला पूर्ण दिसतंय का? दिसत असेल तर मधे अजून झाडं हवीत. निदान दोन-तीन ठिकाणी आडोसा असा हवा की एक मासा दुसऱ्याच्या नजरेतून पूर्ण निघून जाऊ शकेल. आणि पुढचा मधला भाग मोकळा, पोहायला आणि आपल्याला बघायला.

पाण्याकडे येते. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण मेसच्या टँकमध्ये पहिलं संकट भांडणाचं आलंच नाही, पाण्याचं आलं. टँक भरला त्याच दिवशी मासे टाकावेत असा सगळ्यांचा आग्रह होता. मी नाही म्हटलं. माशांच्या श्वासातून आणि विष्ठेतून अमोनिया बाहेर पडतो. तो विषारी. फिल्टरच्या स्पंजमध्ये एका प्रकारचे जिवाणू वाढतात, ते अमोनियाचं नायट्राइट करतात. नायट्राइटही विषारी. दुसऱ्या प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते बरंच सौम्य, पाणी बदलून आणि झाडांनी काढता येतं. हे दोन्ही कामगार वर्ग कामावर रुजू व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. तोपर्यंत रिकामा टँक चालू ठेवायचा, रोज चिमूटभर खाणं टाकायचं, म्हणजे त्यांना अमोनिया मिळतो. मेसमध्ये महिनाभर "माशांशिवायचा फिश टँक" म्हणून माझी भरपूर थट्टा झाली. घरच्या टँकमधला जुना स्पंज मी आणून इथल्या पाण्यात पिळला, त्यामुळे थोडं लवकर झालं.

मग मासे आले, आणि दुसऱ्याच आठवड्यात कुणीतरी (नाव माहीत आहे, लिहीत नाही) त्यांना पोळीचे तुकडे आणि वरणभात घातला. रात्रभरात पाणी दुधाळ. सहाही मासे वर येऊन धापा टाकत होते. दोन दिवस मी आणि रूममेट बादल्या वाहत होतो. सगळे वाचले, पण त्या आठवड्यात त्यांची जी मारामारी झाली ती आधी किंवा नंतर कधीच झाली नाही. तेव्हा मला कळलं नाही का. नंतर वाचलं की ब्राझीलमधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये नेमकं हेच तपासलंय. एंजलच्या टँकमधलं खूप पाणी एकदम बदललं तर आक्रमकपणा वाढतो, थोडं बदललं तर तेवढा वाढत नाही. कारण मासे एकमेकांना नुसत्या डोळ्यांनी ओळखत नाहीत, पाण्यात सोडलेल्या रसायनांवरूनही कोण वरचा कोण खालचा हे त्यांना समजतं. पाणी बदललं की ती पाटी पुसली जाते आणि क्रम परत नव्याने लावावा लागतो. म्हणून आता आमचा नियम: दर रविवारी पाव टँक, त्याहून जास्त नाही. महिनाभर आळस करून मग सगळं पाणी एकदम उपसायचं, टँक चकाचक धुवायचा, ही जी आपल्याकडची पद्धत आहे ना, त्याने जिवाणूही जातात आणि भांडणंही लागतात.

नळाचं पाणी असेल तर त्यातलं क्लोरीन उडायला ड्रममध्ये दिवसभर उघडं ठेवा, आत एअर पंपाची नळी सोडली तर उत्तम. बोअरचं पाणी जड असतं. दुकानात मिळणारे एंजल पिढ्यान्पिढ्या टँकमध्येच वाढलेले असल्यामुळे ते बऱ्यापैकी चालवून घेतात. पाण्यात सतत औषधं टाकून आकडे खालीवर करण्यापेक्षा एकच पाणी कायम ठेवलेलं त्यांना मानवतं, असं माझं मत. तापमान २६ ते २८ अंश. आपल्याकडे उन्हाळ्यात प्रश्न नाही, पण थंडीत भोरला रात्री काय गारठा पडतो ते हॉस्टेलवाल्यांना सांगायला नको. १६० लिटरला १५० वॅटचा हीटर आम्हाला पुरतो. पावसाळ्यात लाइट जाते तेव्हा बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप स्पंज फिल्टरला जोडायचा. तो सिक्युरिटीच्या काकांच्या केबिनमध्ये ठेवलाय. रात्री दोन वाजता लाइट गेली तरी काका उठून जोडतात, त्याबद्दल त्यांचे इथे जाहीर आभार.

सोबती कोण? एंजलचे लांब तलम पर बघून टायगर बार्बला राहवत नाही, तो ते कुरतडतो. त्यामुळे टायगर बार्ब नको. निऑन टेट्रा दिसायला सुंदर, पण एंजल पूर्ण वाढला की निऑन त्याच्या तोंडात मावतो, आणि जे तोंडात मावतं ते खाणं, हा माशांचा सरळ हिशोब. ऑस्कर नको, तो एंजललाच खाईल. आम्ही तळाला फिरणाऱ्या कोरीडोरास घेतल्या सहा, आणि मधल्या थरात ब्लॅक विडो टेट्रा आठ. टेट्राही कधी कधी पर कुरतडतात असं ऐकलं होतं, पण आठच्या गटात ते एकमेकांतच गुंग असतात, आमच्याकडे अजून तरी तक्रार नाही. असे मासे निवांत फिरताना दिसले की एंजलही जरा सैलावतात, हे मी स्वतः बघितलंय. दुकानात सकर म्हणून जो शेवाळ खाणारा मासा देतात तो मी टाळला. तो फुटाच्या वर वाढतो आणि रात्री एंजलच्या चपट्या अंगाला चिकटून त्यावरचा चिकट थर चाटतो.

खाणं दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच, आणि एकाच वेळी टँकच्या दोन टोकांना टाकायचं. एकाच जागी टाकलं तर दादा ती जागा अडवतो. दोन टोकांना एकाच वेळी उभं राहणं त्यालाही जमत नाही.

एवढं करूनही भांडणं होतात. ती वाचता यायला हवीत. दोन एंजल एकमेकांसमोर आडवे उभे राहून सगळे पर फुलवतात, कल्ल्यांची झाकणं उघडतात, शेपटीने एकमेकांवर पाणी मारतात, कधी तोंडात तोंड धरून ओढतात. मुली किंचाळतात, "अय्या, किस करतायत!" नाही गं बाई, ती कुस्ती आहे. पण ही कुस्ती चालू द्यावी. ती बरोबरीच्यांची असते आणि काही मिनिटांत एक जण पर मिटून बाजूला होतो, विषय संपतो. काळजी करायची ती वेगळी. एकच मासा सतत वरच्या कोपऱ्यात, पर मिटलेले, खायला खाली येत नाही, आणि बाकीचे येता-जाता त्याला मारतात. हे दिसलं तर त्याच दिवशी हात घालायचा, थांबायचं नाही. रोहिडाच्या वेळी मी आठ दिवस थांबले.

हात घालायचा म्हणजे कुणाला काढायचं? आपल्याला मार खाणाऱ्याची दया येते म्हणून आपण त्याला काढतो. मग दादा उरलेल्यांतला सर्वात कमकुवत शोधतो. त्यापेक्षा दादालाच चार-पाच दिवस वेगळं ठेवावं, हीटर आणि फिल्टर असलेल्या भांड्यात. (बादलीत नाही!) तो परत येईपर्यंत बाकीच्यांचा क्रम नव्याने लागलेला असतो आणि आल्यावर तोच नवीन असतो. मार खाल्लेला मासा फारच अशक्त असेल तर मात्र त्यालाच आधी बाहेर काढा.

सगळ्यात अवघड प्रसंग म्हणजे जोडी जमणं. नर-मादी बाहेरून ओळखता येत नाहीत, अंडी घालायच्या दिवसांत पोटाखालची नळी बघूनच खात्रीने सांगता येतं, मादीची जाड व बोथट, नराची बारीक. आमच्याकडे या फेब्रुवारीत दोघांनी फिल्टरच्या उभ्या पाइपावरचं शेवाळ तोंडाने साफ करायला घेतलं. मला कळलं काय होणार ते. दोन दिवसांनी पाइपावर दीड-दोनशे अंडी, ओळीत लावलेली, आणि दोघं परांनी वारा घालत होते. बाकीचे चार एंजल आणि आठ टेट्रा एका बाजूला दाबून. घरचा तोच सीन पुन्हा. फरक एवढाच की या वेळी मी प्लॅस्टिकची जाळी कापून फ्रेम तयार ठेवली होती, वर्कशॉपच्या सरांनी कडांना पट्ट्या लावून दिल्या होत्या. एक तृतीयांश टँक जोडीला, बाकीचा इतरांना. पाणी दोन्हीकडे फिरतं, दात पोहोचत नाहीत. पहिली अंडी आई-बापांनीच तिसऱ्या दिवशी खाऊन टाकली. मेसमध्ये सुतक पडल्यासारखं झालं, पण नवख्या जोड्यांचं असं बऱ्याचदा होतं. दुसऱ्या वेळी पिल्लं निघाली आणि आठवडाभराने पोहायलाही लागली. त्यातली तेवीस जगली. मग जाळी कायमची ठेवणं बरं नाही म्हणून जोडी माझ्या घरी गेली, तोरणा आणि राजगड म्हातारे होऊन गेल्यावर रिकाम्या पडलेल्या माझ्या टँकमध्ये नाही, नव्या उंच टँकमध्ये. जुना दोन फुटी टँक आता आजीने तुळशीची रोपं लावायला घेतलाय.

तेवीस पिल्लांचं काय करायचं यावर हॉस्टेलमध्ये सभाच झाली. एकीने सुचवलं, भाटघरच्या बॅकवॉटरला नेऊन सोडू, तेवढीच ट्रिप होईल, मासे पण मोकळे होतील. कृपा करून हे कुणी कधी करू नका. नीरा, वेळवंडी, कानंद, गुंजवणी या नद्यांत सह्याद्रीचे आपले मासे आहेत, त्यातले काही जगात दुसरीकडे नाहीत. बाहेरचे मासे पाण्यात सोडल्यावर काय होतं त्याचं उदाहरण चिलापीच्या रूपाने प्रत्येक धरणात आहे, आणि भीमेवर उजनीत आता जाळ्यात सकर सापडतात, ते टँकवाल्यांचेच. एंजल बहुधा पहिल्या थंडीतच मरेल, पण त्याच्या अंगावरचे रोग पाण्यात उतरायला तेवढा वेळही लागत नाही. आमची पिल्लं शेवटी निम्मी एका दुकानाने घेतली, बदल्यात खाण्याचे डबे दिले. बाकी स्टाफमधल्या तिघांच्या घरी गेली, टँकचं माप विचारून मगच.

मेसच्या टँकमध्ये आता उरलेले चार, आणि मघाशी चार नको असं मीच लिहिलं. बरोबर. म्हणून त्यांच्याच पिल्लांतली तीन जाळीपलीकडे वाढतायत, दिवाळीनंतर मांडणी हलवून जाळी काढायची आहे. तोवर दिवाळीच्या सुट्टीचा प्रश्न आहे. सगळ्या मुली घरी जाणार, टँक कोण बघणार? मेसच्या मावशी म्हणाल्या, मी घालीन खायला. मी म्हटलं, मावशी, चिमूटभरच हं. त्यांनी विचारलं, "तुझी चिमूट का माझी?" म्हणून मी बसून अठरा कागदी पुड्या बांधल्या आहेत, प्रत्येकीवर तारीख घालून. त्या फ्रिजवरच्या स्टीलच्या डब्यात आहेत. लोणच्याच्या नाही, शेजारच्या.